न उघडायचं टेबल

बार्शीहून म्हैसूरला आमच्या सामानाचा ट्रक तासभर उशिरा निघाला तो अप्पांमुळे. अप्पा म्हणजे माझे सासरे. शाळेत सुतारकाम शिकवण्यात त्यांची हयात गेली. काचसामानासाठी त्यांनी स्वतः आंब्याच्या फळ्यांचं खोकं केलं होतं आणि आता त्याचा एकेक स्क्रू पुन्हा पिळून बघत होते. ट्रकवाला वैतागून म्हणाला, "काका, चार खिळे ठोका अन् सोडा." अप्पा म्हणाले, "खिळ्यानं फळी फुटते. दोन वर्षांनी हेच भरून परत यायचंय." मग माझ्याकडे वळून, "पुढची खोली तुमची. कुणाला वापरू देणार नाही."

दोन वर्षांची तेरा झाली. ह्यांची म्हैसूरची नोकरी कायमची ठरली, मुलगी इथेच वाढली, मला भाजीवाल्याशी कन्नडात भांडता येऊ लागलं. खोकं मात्र रिकामं होऊन बाल्कनीत तसंच उभं. सुट्टीत बार्शीला गेलो की अप्पा पुढच्या खोलीचं कुलूप काढून देत आणि विचारत, "खोकं शाबूत आहे ना?" आम्ही हो म्हणायचो. 'आम्ही परत येणार नाही' हे चार शब्द दोघांनीही तेरा वर्षं टाळले. ह्यांना वाटे मी सांगेन, मला वाटे त्यांच्या मुलाने सांगावं.

खोक्यावरून पहिल्यांदा बोलल्या त्या शेजारच्या शिंदेकाकू. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं, मराठीत निम्मं कन्नड. "काय गं, सुम्ने, उगाच जागा अडवून बसलंय हे. फेक की."

"परत जाताना लागेल," मी म्हटलं.

"परत? आमचे लोक एका लढाईपुरते आलते म्हणे हितं. म्हणून काय आम्ही अजून घोड्यावर खोगीर कसून बसलोय?"

फेकवेना, म्हणून त्याचं कॉफीचं टेबल करायचं ठरवलं. येत्या रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेतला. अप्पांचा प्रत्येक स्क्रू विनातक्रार निघाला. फळ्या घासल्या. झाकणावर अप्पांनी ऑइलपेंटने 'काच. सांभाळून' लिहिलेलं होतं. रंग लाकडात मुरलेला, घासून जाईना, तेव्हा ती बाजू खाली घेतली. मंडी मोहल्ल्याच्या दुकानातून उरल्यासुरल्या टाइल्स आणून कडेने पट्टी चिकटवली. हिरव्या चार कमी पडल्या, तिथे पिवळ्या बसवल्या. कोपऱ्यांच्या दांड्यांचे पाय केले आणि सांधे लाकूड चिकटवायचा डिंक भरून पक्के केले. एकही स्क्रू नाही.

टेबल डुगडुगलं. एक पाय आखूड, म्हणून बाकीचे तीन कापले. मग दुसराच आखूड निघाला. परत कापले. शेवटी कॉफीचं टेबल पाटापेक्षा जरा उंच एवढंच उरलं आणि तरीही डुगडुगत होतं. बार्शीला फोन लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

अप्पांनी आधी मास्तरकी केली. "आखूड पायाखाली रबर लाव. कापत बसलीस तर फळी जमिनीला टेकेल. सांधे कसे केलेस?"

"डिंकाने."

"डिंक? मग उघडणार कसं ते?"

हे शेजारीच उभे होते. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"उघडायचं नाहीये, अप्पा. खोक्याचंच केलंय टेबल. आम्ही इथेच राहणार."

मी मनात बोलणी खायची तयारी केली.

"मग," अप्पा जपून म्हणाले, "पुढच्या खोलीत मी झोपलो तर चालेल का? मागच्या खोलीत फार उकडतं. पुढे वारं येतं."

ह्यांनी फोन ओढून घेतला. "अप्पा, चालेल काय विचारता! आजच खाट हलवा!"

"आज कशाला, उद्या हलवतो," अप्पा म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नव्हतो इतकी वर्षं."

परवा बार्शीच्या जाऊबाईंनी फोटो पाठवला. खोली सताड उघडी, खिडकीखाली खाट, खाटेवर अप्पा, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले. मला तर हलकंच वाटलं. आपलं घर तेच, जिथे कुणी आपल्यासाठी उकाड्यात पडून राहत नाही. तुमच्यापैकी ज्यांच्या माळ्यावर अजून रिकामी खोकी आहेत, त्यांनी एकदा गावी विचारून बघा, तुमच्यासाठी कोण कुठे झोपतंय.

फोटो बघून झाल्यावर मी कॉफीचा पेला टेबलावर ठेवला. रबर लावल्यापासून ते हलत नाही.