माझ्या हाडात भरलेले दाणे

बारामतीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "दंडाच्या हाडात पोकळी आहे. याला बोन सिस्ट म्हणतात. कॅन्सर नाही, पण हाड अंड्याच्या टरफलासारखं पातळ झालंय."

अंथुर्ण्याच्या मळ्यात टोमॅटोची पाटी उचलताना दंडात कट्कन वाजलं, म्हणून मी आले होते. सोबत सासरे, आबा.

पोकळी मोठी होती, ती भरायला माझ्याच कमरेचं हाड काढून पुरणार नव्हतं. डॉक्टरांनी नवा उपाय सांगितला, हायड्रॉक्सीअपाटाइट. म्हणजे आपल्या हाडात असतो तोच क्षार, भट्टीत भाजून केलेले दाणे. हाड हळूहळू त्यांच्यात शिरतं.

"आधी कुणाला घातल्यात?" आबांनी विचारलं.

"सशांना. मग थोड्या माणसांना."

आबांनी उमेदीत मेंढरं राखलेली. बाहेर आल्यावर म्हणाले, "नवं औषध आधी मरतुकड्या मेंढरालाच टोचत्यात. चल घरी."

मलाही ते पटलं. दवाखान्यात पुण्याहून आलेले एक जण माझ्या हाताचे फोटो काढून गेले होते. कशाला, ते कुणी सांगितलं नव्हतं.

पण हात उचलेना. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना म्हणाले, हे दाणे घातलेलं एक माणूस दाखवा. त्यांनी माळेगावच्या एका बाईला विचारून तिची गाठ घालून दिली.

"पढवून ठिवली असंल," आबा वाटेत म्हणाले. तिच्या घरी गेल्या गेल्या त्यांनी तिला त्याच हातानं भरली घागर उचलायला लावली. तिनं उचलली. मग मला म्हणाली, "थंडीत ठणका लागतो. ह्ये सांगितलं का तुमाला?"

"न्हाय."

"मग इचारा त्यास्नी."

विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हे मी आधीच सांगायला हवं होतं. काहींना दुखतं. का, ते अजून आम्हाला कळलेलं नाही. फोटो, एक्स-रे त्यासाठीच ठेवतो."

त्यांचं ते 'कळलेलं नाही' ऐकलं आणि मी सही केली. तुमच्यावर अशी वेळ आली तर शंका गिळू नका. उत्तर देणाऱ्याचा चेहरा नीट बघा.

ऑपरेशन झालं. पुढचे कितीतरी एक्स-रे तसेच. पांढरे ठिपके जिथल्या तिथं. बाकावर बसून आबा दर वेळी पुटपुटायचे, "दगुड भरलाय नुसता."

वर्ष उलटल्यावर डॉक्टरांनी नवा एक्स-रे लावला. आबा अगदी जवळ गेले. "ह्यातलं भाजल्यालं कुठलं आन् सुनंचं कुठलं?"

डॉक्टरांनी ठिपक्यांच्या कडेवरून बोट फिरवलं. "कडेला तर आता मलाही सांगता येत नाही, आबा."

आबांनी त्यांना पहिल्यांदा रामराम केला.