यादीत लिहिलेला नकार

“तीन नंबरची क्रेन बंद आहे, हे तुला माहीतच नव्हतं?” माझा बॉस कॉलिन उभ्याउभ्याच विचारत होता.

नव्हतं. साउथहॅम्प्टनच्या बंदरात मी प्लॅनर आहे. जहाजावर कुठला कंटेनर कुठे ठेवायचा आणि तो कुठली क्रेन उचलणार, हे आम्ही ठरवतो. जड खाली, हलके वर, फ्रीजवाले प्लगजवळ. त्या दिवशीचं काम मी चार क्रेनना वाटलं होतं आणि चालू होत्या तीन. जहाज दुपारच्या भरतीला सुटलं नाही, तर मागच्या सगळ्या जहाजांचं वेळापत्रक कोलमडणार होतं. माझं प्रोबेशन संपायला दोन आठवडे उरले होते.

“मला ईमेल आली नाही,” मी म्हटलं.

“ईमेल कशाला? सकाळी चहाला सगळे बोललो की.”

नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं. आमच्या टीममध्ये टी-राउंड असतो. कुणीतरी एक उठतो, सगळ्यांचा चहा करून आणतो, मग दहा मिनिटं गप्पा. कामाच्या अर्ध्या गोष्टी त्यातच कळतात. सहा महिन्यांत मला कुणी चहा दिला नव्हता. ट्रे माझ्या टेबलावरून पुढे जायचा आणि मी स्क्रीनमध्ये डोकं घालायचे. माझ्या वडिलांना गावच्या हॉटेलात चहा वेगळ्या कपात मिळायचा, तोही बाहेर बसून. ते जिद्दीनं शिकले, नागपुरात नोकरीला लागले. त्यांची मुलगी इथवर आली, तर तिच्यापुढे कपच नाही. फार लागायचं ते.

पण तेव्हा रडत बसायला वेळ नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या ट्रेसीनं न सांगता अर्धा प्लॅन स्वतःकडे ओढला. दोन तासांत आम्ही सगळं तीन क्रेनवर बसवलं. जहाज भरतीला सुटलं.

पाणी प्यायला किचनमध्ये गेले. कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली होती. कॉलिन: दूध, दोन साखर. ट्रेसी: दूध, साखर नको. सुजाता: चहा घेत नाही.

“हे कुणी लिहिलं?” मी ट्रेसीला विचारलं.

“मीच. पहिल्या दिवशी विचारलं होतं ना? तू नको म्हणालीस.”

म्हणाले होते. बाबांनीच शिकवलं होतं, कुणी चहा विचारला तर आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तर समजायचं, मनापासून विचारतोय.

“तू एकदाच विचारलंस,” मी म्हटलं.

“मग कितीदा विचारायचं असतं?” ती खरोखरच गोंधळली होती. सहा महिने मला एकटीला बसलेलं बघत होती, पण यादीत लिहिलं म्हणजे विषय संपला.

मी ती ओळ खोडली आणि लिहिलं: दूध, दोन साखर.

अर्ध्या तासानं कॉलिननं माझ्यापुढे चहाचा मग ठेवला. अगदीच पांचट होता, आल्याचा वासही नाही. मी तळापर्यंत प्यायले. बाबांना फोन करून सांगावंसं फार वाटलं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

नोकरी टिकली. क्रेन बंद पडली की आता सगळ्यांना ईमेल जाते, तेवढं मी भांडून करून घेतलं. नवीन माणूस आला की चहा मीच विचारते. नको म्हणाला, तर थोडं थांबून पुन्हा विचारते. यादीत त्यानंतरच लिहिते.