आत्याचा दुसरा सुतारपक्षी

आमची आत्या चाळीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त करतेय. कोणी बिघडलेलं मशीन आणलं की ती आधी ते चालवायला सांगते आणि डोळे मिटून ऐकते. स्क्रूड्रायव्हरला हात त्यानंतर.

वसंताच्या सुरुवातीला, झाडांना पालवी फुटायच्या आत, मी तिला आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळाबरोबर गावाबाहेरच्या जंगलात नेलं. सगळ्यांच्या डोळ्यांना दुर्बिणी, आणि ही बाई ओंडक्यावर डोळे मिटून बसलेली! मागून कोणीतरी खुसखुसलं, "झोप लागली वाटतं." माझं डोकंच सणकलं.

तेवढ्यात सुतारपक्ष्याची टकटक सुरू झाली. मंडळाचे म्होरके, म्हणजे निवृत्त गणिताचे सर, त्यांना तो समोरच्या वाळक्या खोडावर दिसला. त्यांनी वहीत लिहिलं: सुतारपक्षी, एक.

"दोन आहेत," आत्या डोळे न उघडताच म्हणाली. "एकाचा टाका बारीक आहे, दुसऱ्याचा लांब."

"अहो बाई, समोर एकच दिसतोय!"

"मग मागे बघा की."

सर वळले. मागच्या झाडाच्या शेंड्यावर दुसरा आपला मजेत खोड ठोकत होता. सरांनी 'एक' खोडून 'दोन' लिहिलं.

आता जंगलात शिरलं की सर आधी सगळ्यांना दुर्बिणी खाली करायला लावतात. पाच मिनिटं मंडळ डोळे मिटून उभं राहतं. मी मात्र एक डोळा उघडा ठेवते, आत्याकडे बघायला.