वाया गेलेलं हिरवं सील

लोकसभेच्या ड्युटीचा आदेश हातात पडला तेव्हा मी आधी हुद्दा पाहिला. मतदान अधिकारी क्रमांक एक. म्हणजे याही वेळी मतदारयादीवर खुणा करायच्या. केंद्राध्यक्ष कोण, हे दुसऱ्या प्रशिक्षणात कळलं. डी.एड.ला माझ्या शेजारी बसणारी, माझ्या वहीवरून पाठ टाचणं उतरवणारी माझी मैत्रीण. ती पुढे बी.एड. करून हायस्कूलला लागली, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतच राहिले. निवडणुकीत हुद्दा पगाराच्या श्रेणीवर ठरतो आणि तिची श्रेणी वरची. नियम मला पाठ होता. तरी पोटात दुखलंच.

आमचं केंद्र नांदूरघाटकडच्या एका गावातल्या शाळेत होतं, सगळ्या कर्मचारी महिला. आदल्या दिवशी तालुक्याला साहित्य ताब्यात घेताना मी वही काढून एकेक वस्तूवर खूण करत होते. लाख, काडेपेटी, शाईची बाटली, पितळी शिक्का, सीलच्या पट्ट्या. मैत्रीण झाडाखाली महिला पोलिसाशी गप्पा मारत बसली होती.

"अगं, मोजून तरी घे," मी म्हणाले.

"तू हाय ना. तू मोजलं म्हणजे झालं."

एसटीत बसल्यावर पोलिसीणबाई मला म्हणाल्या, "तुमच्या मॅडम लई शांत आहेत हो. मागच्या वेळच्या नुसत्या ओरडत होत्या." सगळं मोजून मी दिलेलं, म्हणून मॅडम शांत. हे कुणाला सांगणार?

गावातही तेच. सरपंचबाईंनी पहिला चहा तिला दिला. पंखा तिच्या बाजूला वळवला. कारखाने बंद होऊन ऊसतोडीवरून परतलेल्या बाया संध्याकाळी ओट्यावर जमल्या, तर दहा मिनिटांत ती त्यांच्यात मांडी घालून बसली. मी आत भिंतीवर मतदारयादी चिकटवत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मॉक पोल घेतला. खरं मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मशीनवर पन्नास लटकी मतं टाकून दाखवायची असतात. मग मशीन बंद करायचं, निकाल दाखवायचा, मशीनमधून पडलेल्या कागदी चिठ्ठ्यांशी जुळवायचा आणि शेवटी 'क्लिअर' दाबून ती मतं पुसून टाकायची. त्यानंतरच सील. पुसल्याशिवाय मशीन पुढचं मत घेत नाही. मी हे टप्पे वहीत ओळीने लिहून ठेवले होते. झालं की खूण आणि शेजारी वेळ.

निकाल जुळला. तेवढ्यात आमच्या भागातल्या केंद्रांवर देखरेख करणाऱ्या झोनल साहेबांचा फोन आला. "झालं साहेब, जुळलं," असं ती सांगत असताना चहाची किटली आली. एक म्हातारे प्रतिनिधी म्हणाले, "घ्या मॅडम. मशीन काय पळून चाललंय व्हय?" सगळे हसले, तीही हसली. फोन ठेवून तिने सरळ हिरव्या सीलची पट्टी उचलली.

क्लिअर राहिलं होतं.

मी वहीत पाहिलं. त्या ओळीपुढची जागा रिकामी होती. सवयीने मी तिथे 'राहिलं' असं लिहिलं आणि वेळ टाकली, सहा दहा. तोंडाने मात्र काही बोलले नाही. तिने पट्टीवर सही केली, प्रतिनिधींनी केल्या. झाकण बंद झालं. लाख वितळली, शिक्का बसला. सात वाजता पहिलं मत द्यायला कुणी बटण दाबेल आणि मशीन हलणार नाही, हे मला समोर दिसत होतं. सगळ्या गावासमोर तिला सील फोडावं लागेल, उशीर होईल, वर कळवावं लागेल. नोटीसही येईल. हाक मारायला एक श्वास लागला असता. तो श्वास मी धरून ठेवला.

पावणेसातला रांग लागली. सगळ्यात पुढे एक मेंढपाळ आजी काठी टेकून उभ्या होत्या. त्या मलाच म्हणाल्या, "बाई, येळेवर सुरू करा बरं. ऊन चढायच्या आत मेंढरं सोडायची हायत. पोरगं एकलंच हाय तिकडं."

"करतो आम्ही, आजी," मी म्हणाले, आणि मग मात्र बसवेना. तिच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "अगं, क्लिअर दाबलं होतंस का?"

तिचा चेहरा उतरला. मग तिनेच प्रतिनिधींना बोलावलं. "भाऊ, माझ्याकडून चूक झाली. सील फोडावं लागतंय." कुणी कुरकुर केली नाही. "फोडा की, माणूस हाय, चुकायचंच," म्हातारे म्हणाले. तिच्या जागी मी असते तर एवढं सरळ सांगितलं असतं का, ठाऊक नाही. क्लिअर दाबलं, मशीनने शून्य दाखवलं आणि सातला पाच मिनिटं कमी असताना नवं सील लागलं. आजींनी वेळेवर मत दिलं.

संध्याकाळी पाकिटं भरताना ती केंद्राध्यक्षाची डायरी लिहायला बसली. "तुझी वही दे गं. वेळा तुझ्याच बरोबर असतात."

मी दिली. देऊन झाल्यावर आठवलं.

तिचं बोट ओळीओळीने खाली आलं आणि एका जागी थांबलं. सहा दहा, राहिलं. त्याच्या खाली, सहा शेहेचाळीस, सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वही मिटून माझ्या बाजूला सरकवली आणि तिच्या सुंदर, गोल अक्षरात लिहिलं: 'माझ्या चुकीने एक हिरवं सील वाया गेलं. मतदान अधिकारी क्रमांक एक यांनी वेळीच लक्षात आणून दिलं.'

"वाच. काही राहिलं का बघ," ती म्हणाली.

"काही नाही राहिलं," मी म्हणाले, आणि पाकिटं पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.