लूमीचा काळा चहा

मुंबईहून बोटीनं कुवेतला यायचे ते दिवस. जुन्या बाजारात आमच्या दुकानासमोर एक इराणी चहावाला बसायचा. वाळून काळी पडलेली लिंबं ठेचून तो पाण्यात उकळायचा, वर मूठभर साखर टाकायचा आणि कंबरेत बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात ओतून द्यायचा. त्या लिंबांना लूमी आणि याला लूमीचा चहा म्हणत. मी रत्नागिरीकडचा, चहा म्हणजे आलं घातलेला, दुधाचा, एवढंच मला ठाऊक. ते काळं पाणी बघूनच मी नाक मुरडायचो. सगळे पितात म्हणून आपणही प्यावं, हा माझा स्वभाव नव्हता आणि अजूनही नाही.

दुकान कापडाचं. मालक म्हातारे कुवेती. तरुणपणी व्यापारासाठी मुंबईत राहिलेले, त्यामुळे हिंदी फर्डं. कामात मी कुणाला हार जाणारा नव्हतो, पण एक गोष्ट त्यांच्यापुढे काढायला जीभ रेटत नव्हती. बायको आणि मुलगी गावी माझ्या आईजवळ होत्या. मुलगी चालायला, बोलायला शिकली ती माझ्या पाठीमागे. त्यांना इथे आणायचं तर मालकांनी जामीन राहायला हवं होतं. मागितलं आणि नाही म्हणाले, तर त्याच माणसासमोर रोज उभं राहायचं कसं? म्हणून मी गप्प.

एका दुपारी नव्या मालाचे तागे लावून झाले. मालक खुशीत होते. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि समोरून दोन पेले मागवले. माझा पेला समोर ठेवला तो तसाच राहिला. पी म्हणाले, मी नुसता हसलो. पुन्हा म्हणाले, तेव्हा मी तो जरा बाजूला सरकवला. मालकांनी स्वतःचाही पेला खाली ठेवला आणि सावरून बसले.

"बोल, क्या चाहिए?"

मला काही उमगेना. पेले घेऊन आलेल्या चहावाल्यानंच हळू आवाजात समजावलं. इथली रीत अशी, की यजमानानं दिलेलं पाहुण्यानं तोंडाला लावलं नाही, तर त्याचं काही मागणं असतं; ते मान्य झालं की मगच तो पितो. मला तो चहा नको होता, एवढंच खरं होतं. पण ते सांगण्याइतका मी खुळा नव्हतो. बायकोला आणि मुलीला आणायचंय, गावी आईजवळ असतात, असं एका दमात बोलून टाकलं. मालक म्हणाले, आण. इतके दिवस छातीवर घेऊन फिरत होतो ते काम एका शब्दात झालं.

आता पिणं भाग होतं. पहिला घोट आंबट, मागाहून कडसर, मग गोड. उन्हातून आल्यावर कोकमाचं सरबत जिथे जाऊन पोचतं, नेमकं तिथेच हे गरम पाणी पोचलं. कपाळावर घाम फुटला आणि अंग हलकं झालं. असली चीज समोर असताना मी एवढा काळ तोंड फिरवून बसलो होतो, याचा मला रागच आला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं मनाशी म्हणत मी भराभर पिऊ लागलो.

मालकांनी माझं मनगट धरलं.

"और माँ?"

दोघी इकडे आल्यावर त्या घरात आई एकटी उरणार, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी अर्धा पेला खाली ठेवला, या वेळी जाणूनबुजून.