फौजदारांची येळवस

भित्रं कुत्रं पाळलं की किस्से शोधावे लागत नाहीत. रोज एक तरी घडतोच, आणि कालचा सांगून व्हायच्या आत आजचा तयार! मुरुममधल्या आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी प्रश्न येतो, "बाई, फौजदार काय म्हणतात?" माझी स्वतःची चौकशी गेल्या सहा महिन्यांत कुणी केलेली नाही.

*

हे फौजदार मला एसटी स्टँडवर सापडले. बाकड्याखाली अंग चोरून बसलेले, एक कान फाटका, पाठीवर भाजल्याचा डाग. बिस्कीट टाकलं तर बिस्किटालाच घाबरले! राहवलं नाही, रिक्षात घालून घरी आणलं.

सासऱ्यांना, म्हणजे मामांना, शेतासाठी राखण हवीच होती. त्यांनी मोठ्या हौसेनं नाव ठेवलं फौजदार. आठ दिवसांत फौजदारांचं पाणी कळलं. मग मामांनी येळवसेच्या सणापर्यंत मुदत देऊन अटच घातली, "येळवसपतोर भुकलं तर ठिवू. न्हाय तर जिथनं उचललं तिथं नेऊन सोडायचं."

बारा वर्षं झाली या घरात येऊन, मामांनी बोललेला शब्द मागं घेतलेला मी पाहिलेला नाही.

*

कुकरची पहिली शिट्टी झाली की फौजदार पलंगाखाली. दुसरीला थरथर. तिसरीला फरशी ओली! शेवटी सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, कुकर उचलून माळ्यावर टाकला. आता आमचं वरण पातेल्यात तासभर रटरटत असतं.

मला जरा लागलंच. म्हटलं, "आत्या, शिट्टीनं माझं डोकं दुखतं असं मी किती वर्षं सांगत होते. तेव्हा नाही टाकलात कुकर माळ्यावर!"

"तू पलंगाखाली गेली हुतीस का?"

*

केरसुणी दिसली की फौजदार जमिनीला चिकटतात आणि डोळे गच्च मिटून घेतात. कुणीतरी याला फार मारलंय. ते मनात आलं की मला अजून राग येतो.

म्हणून आमच्याकडं केरसुणी पाठीमागं लपवून न्यायची पद्धत पडली. एका रविवारी आमचे हे तशीच केरसुणी लपवून चोरपावलांनी अंगणातून निघाले होते. शेजारच्या काकू भिंतीवरून बघत होत्या.

"काय ओ, कुणाला मारायला निघालाव?"

"न्हाय ओ काकू, झाडायला चाललोय."

"मग लाजताव कशाला? आमचे मालक बी झाडत्यात की!"

काकूंच्या मालकांचं हे गुपित संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं.

*

दिवाळी झाली तरी फौजदारांच्या तोंडून आवाज नाही. मांजर येऊन त्यांची भाकरी खाऊन जायचं आणि हे बाजूला उभे! मग मामांनी स्वतःच शिकवणी सुरू केली. रोज सकाळी अंगणात उकिडवे बसून, "भू! भू! आसं! पोटातनं काढ!"

फौजदार मान वाकडी करून कौतुकानं बघत राहायचे.

चौथ्या दिवशी दूधवाला फाटकाबाहेरूनच ओरडला, "बाई, आधी कुत्रं बांधा, मग आत येतो!"

मामा उठून आत गेले. शिकवणी बंद.

*

बघता बघता येळवस आली. येळवस म्हणजे आमच्या भागातली वेळ अमावस्या. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे शेतात जेवायला. ज्वारीच्या कडब्याची बुटकी कोप, म्हणजे खोपटी, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव, आणि कोपीवर नवी शाल.

आदल्या दिवशी आंबील करताना मला रडू आलं. आत्या म्हणाल्या, "त्यास्नी सांगून उपेग न्हाय गं." मामा एवढंच म्हणाले, "संगं घ्या त्याला. येताना स्टँडवर सोडू."

शेतात पोचलो आणि आंबिलीच्या भांड्यावरचं झाकण माझ्या हातून दगडावर पडलं. खण्णकन! फौजदार गायब. ज्वारीत शोधलं, विहिरीत डोकावलं, यांनी बांधाबांधानं हाका मारल्या. पत्ता नाही.

"पूजंची येळ टळायली," म्हणत मामा कोपीपुढं बसले. घामानं धुरकटलेला चष्मा काढून खिशात ठेवला, कोपीत हात घातला आणि चाचपत एकेका पांडवाला हळदकुंकू लावायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. मग सहाव्याला.

"ह्यो गरम कसा लागायलाय?"

आतून कडबा खसखसला.

"मामा," मी कशीबशी म्हणाले, "ते फौजदार आहेत."

मामांनी चष्मा चढवला आणि वाकून बघितलं. पांडवांच्या मागं फौजदार बसलेले, कपाळभर हळदकुंकू. अंग थरथरत होतं, पण मामांचा हात चाटणं चालू होतं. मामा तसेच वाकून बसले. हात काही त्यांनी मागं घेतला नाही.

मग आमच्याकडं वळून म्हणाले, "धर्मराजासंगं शेवटपतोर कोण गेलं हुतं?"

"कुत्रं," आत्या म्हणाल्या.

"मग बघत काय बसलाव? ह्यांचं बी पान वाढा!"