आकडा नसलेले निरोप

ऑफिसात त्याला सगळे मुनी म्हणत. पन्नाशी ओलांडलेला प्रोग्रामर, बायको केव्हाच वेगळी झालेली, आणि बोलणं इतकं मोजकं की शेजारच्या टेबलावरच्यांनाही त्याचा आवाज धड ओळखू आला नसता.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करणारी ती कंपनी. विचारपूस म्हणजे काय, तर सकाळी बोटाला चिमटा लावून त्यांनी नाडीचे ठोके बघायचे आणि मोबाइलवरून आकडा कळवायचा. पुढचं सगळं प्रोग्राम बघून घेई.

एकदा कंपनीच्या माणसांनी धावतपळत जाऊन एका आजींचं दार फोडलं. संगणकावर त्यांचे ठोके शून्य दिसत होते. आत आजी वेणी घालत बसल्या होत्या.

चौकशीत कळलं, आजींनी लिहिलं होतं, 'कालच्यासारखेच आहेत.' आता फोनवरून येतो तो मजकूर. '७२' लिहिलं तरी संगणकाच्या लेखी ती आधी नुसती अक्षरंच; त्यांचा आकडा करून घ्यावा लागतो. तो झाला नाही तर खुशाल शून्य धरा, असं आधीच्या कुणीतरी प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं होतं.

मॅनेजर बाई म्हणाल्या, "मुनी, शून्याऐवजी सत्तर धरा. दारं तरी शाबूत राहतील."

"आणि कुणी 'उठवत नाहीये' असं लिहिलं तर? तेही सत्तर?"

बाईंनी आजींचा निरोप पुन्हा एकदा वाचला.

"अंदाजच नको. आकडा होत नसेल तर होत नाही म्हणायचं, आणि निरोप जसाच्या तसा माणसापुढे ठेवायचा."

"कोण वाचत बसणार?"

"मी," मुनी म्हणाला, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

त्यानं काम चोख केलं. आकड्याच्या मागेपुढे सुटलेल्या मोकळ्या जागा काढल्या, मराठी-इंग्रजी दोन्ही लिप्यांतले अंक चालतील असं केलं, '७२०' असा अशक्य आकडा आला तर तोही बाजूला काढला. उरलेलं सगळं त्याच्याकडे येऊ लागलं. 'चिमट्याचा सेल संपला. आणायला कोण जाणार?' 'आज मोजले नाहीत. कशाला मोजायचे?' आणि त्या आजींचं, 'नवं दार छान बसलंय. परत कधी तोडायला येताय?'

तो एकटाच खो खो हसला. मग एकेकाला फोन लावू लागला.

"आजी, नुसता आकडा लिहा हो."

"लिहिला की मग तुम्ही फोन कशाला कराल?"

त्यानं विषय बदलला. जेवलात का, एवढंच विचारलं. आजींनी उलट तेच विचारलं. बऱ्याच दिवसांत त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पण फोनमागे वेळ जातोय हे बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. "मोबाइलवर फक्त अंकांचीच बटणं ठेवा. अक्षर लिहिताच येणार नाही. आजारी असेल त्याला मदतीचं लाल बटण आहेच."

"खाली दोन ओळींपुरती जागा ठेवू या?"

"मुनी, तुम्हाला दुसरी कामं आहेत."

बोलणं खोटं नव्हतं. चुकीचं काही आतच येऊ न देणं, याहून बिनधोक काय असणार? त्यानंच ते केलं, आणि नीट केलं. दुसऱ्या आठवड्यापासून बाजूला काढलेले निरोप येणं बंद झालं. आजींचे ठोके मात्र रोज वेळेवर येत, अगदी शहाण्यासारखे. बाईंनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. तो मान हलवून जागेवर जाऊन बसला.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर त्यानं थोरल्या बहिणीला फोन लावला.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही. सहज."

"सहज फोन करणारा तू नव्हेस. बरा आहेस ना?"

"बरा आहे."

"मग बोल की."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"ताई, जेवलीस का?" त्यानं विचारलं.

"आत्ता? अरे, सहा वाजलेत," ती हसून म्हणाली. "थांब हं, आलेच." फोन तसाच कुठंतरी ठेवल्याचा आवाज झाला. आपला फोन कानाला लावून मुनी उभा राहिला.